रिफिलची नळी, जरीचा धागा आणि दाभण: घरच्या घरी ट्यूब फ्लाय

प्रश्न असा आला आहे: "एबर्डीनला येऊन दीड वर्ष झालं. ऑफिसातल्या मित्राबरोबर डी नदीवर सॅमन गरवायला जाऊ लागलो आहे. दर खेपेला एकदोन ट्यूब फ्लाय दगडात अडकून तुटतात आणि दुकानातल्या परवडत नाहीत. घरी बांधाव्यात म्हणून किट बघितले, तर त्यांच्या किमती ऐकूनच थांबलो. नळी कशाची घ्यावी? केस, चमक हे स्वस्तात कुठे मिळेल? भारतातून येताना काही आणता येईल का?"

ट्यूब फ्लाय म्हणजे पोकळ नळीवर केस बांधून केलेली नकली माशी; तंगूस (गरवायचा नायलॉनचा दोरा) नळीतून ओवून खाली गरी लावतात. पहिलं उत्तर: किट घेऊ नका. किटमधलं निम्मं सामान तुम्ही कधी उघडणार नाही, आणि उरलेलं बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरात, शिवणाच्या डब्यात आणि टेबलाच्या खणात आत्ता पडलेलं आहे.

मी मूळचा मालवणकडचा. लहानपणी काकांबरोबर खाडीवर गरवायला बसायचो. गरी, तंगूस आणि कोळंबीचा तुकडा, एवढंच सामान. इथे नोकरीसाठी आलो आणि पहिल्याच वसंतात डीच्या काठावर फ्लायचा नाद लागला. गेली बारा वर्षं माझ्या सगळ्या ट्यूब फ्लाय मी घरी बांधतो. या काळात जे मनात पक्कं बसलं ते आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ट्यूब फ्लायमध्ये तीन जागा अशा आहेत जिथे काटकसर करायची नाही: तंगूस जिथून आत-बाहेर होतो ते नळीचं तोंड, नळी आणि गरी यांचा जोड, आणि खुद्द गरी. मासा याच तीन ठिकाणी सुटतो. केस, चमक, धागा, रंग, अंगासाठीची नळी या बाकीच्या गोष्टींत हवी तितकी काटकसर करा. माशाला फरक पडत नाही, मी पुरेशा वेळा बघितलं आहे.

शिवाय ट्यूब फ्लायचा जन्मच टाकाऊ वस्तूंतून झाला, आणि तोही तुम्ही राहता त्याच गावात. 1945 च्या सुमारास एबर्डीनच्या प्लेफेअर या दुकानात मिनी मोरावस्की नावाच्या बाई माश्या बांधायच्या. त्यांनी टर्कीच्या पिसाचा पोकळ दांडा घेतला, त्यावर केस बांधले आणि तंगूस आतून ओवून खाली गरी लावली. पिसाचा दांडा चिरतो, म्हणून पुढे डॉ. विल्यम मिची यांनी इस्पितळातली टाकून दिलेली प्लास्टिकची नळी सुचवली. आज दुकानात पाकिटबंद मिळते ती नळी तिचीच वंशज. त्यामुळे घरातल्या नळीवर बांधताना कमीपणा वाटून घेऊ नका.

आता नळी. दुकानातली प्लास्टिकची नळी साधारण दोन जाडींत येते, बाहेरून 1.8 आणि 3 मि.मी. या मापांच्या जवळ जाणारं काहीही चालेल, फक्त ते पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन हवं. मी सर्वांत जास्त वापरतो ती बॉलपेनची रिकामी रिफिल. बाहेरून साधारण 3 मि.मी., भोक तंगुसाला पुरून उरेल एवढं. शाई संपली तरी आत तेलकट थर राहतो. टोक कापून टाका, स्पिरिटमध्ये बुडवलेला लोकरीचा दोरा आतून दोनतीनदा ओढा आणि रात्रभर सुकू द्या. हे केलं नाही तर फिकट रंगाच्या माशीवर पहिल्याच भिजण्यात निळा ओघळ येतो. एका रिफिलमधून एक इंचाच्या तीन माश्या सहज निघतात. ऑफिसात एक डबा ठेवा आणि लोकांना सांगा की संपलेल्या रिफिली यात टाका. माझा डबा महिन्याभरात भरला होता.

दुसरी चांगली नळी म्हणजे कुलूप-बिजागरीला तेल मारायच्या फवाऱ्याबरोबर येणारी ती लाल काडी. ती बारीक असते, साधारण 2 मि.मी. उन्हाळ्यातल्या छोट्या माश्यांना याहून चांगलं काही नाही. हात धुवायच्या साबणाच्या पंपातली नळी मात्र जाड पडते.

कान साफ करायच्या काडीचा प्लास्टिकचा दांडा वापरा, हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. तो जुना झाला. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर 2019 पासून प्लास्टिकच्या दांड्याच्या काड्यांवर बंदी आहे आणि भारतातही 1 जुलै 2022 पासून ती लागू झाली. आता मिळतात त्या काड्या कागदाच्या. पाण्यात लगदा होतो. कोणाच्या घरी जुना डबा असेल तर आनंदाने घ्या, शोधत मात्र फिरू नका.

सलाइनची किंवा मत्स्यालयाच्या पंपाची नळी अंगासाठी घेऊ नका. ती मऊ असते, धागा आवळला की दबते आणि तंगूस आत अडकतो. त्यातली पुष्कळशी पीव्हीसीची असते, आणि पीव्हीसी जाळलं की निघणारा धूर घशाला आणि फुप्फुसाला घातक आहे. लायटर तिच्याजवळ नेऊच नका.

लायटर कशाला, ते आता. नळीच्या तोंडाला कडा फुलवावी लागते, म्हणजे धाग्याचं डोकं (केस आवळणाऱ्या वेढ्यांचा पुढचा गोळा) पुढे घसरत नाही आणि तंगुसाला गोल, गुळगुळीत काठ मिळतो. हे काम नीट जमवा, कारण वर सांगितलेल्या तीन जागांपैकी ही पहिली. नळीत शिवणाची जाड सुई घाला, टोक बाहेर राहू द्या. लायटर पेटवून ज्योतीच्या खालच्या निळ्या भागाच्या शेजारी नळीचं तोंड धरा. शेजारी, आत नाही. सुई बोटांत गोल फिरवत राहा. दोनतीन सेकंदांत काठ पारदर्शक होतो, मग मागे वळायला लागतो, जसा फुलक्याचा काठ तव्यावर उचलतो. त्याच क्षणी बाजूला घ्या आणि स्टीलच्या थंड वाटीच्या बुडावर हलकेच टेकवा. छोटी, सपाट कॉलर तयार होते. काठ काळा पडला किंवा त्याला फुगा आला तर तो तुकडा कापून टाका आणि पुन्हा करा. पहिल्या दिवशी माझ्या दहातल्या सहा नळ्या फेकाव्या लागल्या होत्या. सुई काढली की तंगुसाचा एक तुकडा आतून ओवा आणि काठावर तिरका ओढून बघा. बोटाला खरखर जाणवली तर ती माशी नदीवर न्यायची नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी गार आणि फुगलेलं असतं, मासा तळाशी. तेव्हा वजन लागतं आणि पितळी नळी हवी. मॉडेल विमानं, रेल्वे बनवणाऱ्यांच्या दुकानात 30 सें.मी. लांबीच्या बारीक पितळी नळ्या मिळतात. बाहेरून 3 आणि आतून 2 मि.मी. असलेली मागा. एका नळीतून 25 मि.मी.चे अकरा तुकडे निघतात, बारावा करवतीत जातो. हिशेबाने असा एक तुकडा साधारण 0.8 ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा तेवढाच तुकडा पाव ग्रॅमच्या आसपास आणि प्लास्टिकचा त्याच्याही निम्म्याहून कमी. या तीन वजनांत हंगाम पार पडतो. सोनाराची बारीक करवत असेल तर उत्तम. नसेल तर नळी लाकडावर ठेवून धारदार सुरीखाली लाटण्यासारखी पुढेमागे फिरवा. खाच पडली की हाताने मोडते. मग दोन्ही तोंडांची बर (कापल्यावर राहणारी धारदार कड) बारीक गोल कानशीने आतून-बाहेरून काढा.

आणि पितळी नळी कधीही नुसती वापरू नका. आत प्लास्टिकचं अस्तर हवंच. माझ्या दुसऱ्या हंगामात, बँकोरीच्या वरच्या अंगाला, एक मोठी मादी लागली होती. वीस मिनिटं धरली, काठाशी दोनदा दिसली. तिसऱ्यांदा ती वळली आणि दोरी एकदम हलकी झाली. तंगूस वर घेतला तर गाठ सुटलेली नव्हती, मोडलेलीही नव्हती. टोक कात्रीने कापल्यासारखं सरळ होतं. पितळेच्या काठाने केलं होतं ते. अस्तर घालायचा कंटाळा केला होता मी. गरी तोंडात घेऊन तो मासा गेला, हे मला अजून खुपतं.

अस्तराला ती लाल काडीच चालते, पण सगळ्या काड्या सारख्या नसतात. काही 2 मि.मी.च्या भोकात घट्ट बसतात, काही जातच नाहीत. पितळेचा तुकडा खिशात ठेवा आणि जिथे काडी दिसेल तिथे मापून बघा. पितळेच्या पुढे अस्तर 3 मि.मी. बाहेर ठेवा आणि ते वर सांगितल्याप्रमाणे फुलवा. मागे 5-6 मि.मी. सोडा, त्यावर जोडनळी बसते.

जोडनळी ही दुसरी जागा. ती मागच्या टोकावर अर्धी चढते आणि उरलेल्या अर्ध्यात गरीचा डोळा गाठीसकट घट्ट बसतो, म्हणजे गरी माशीच्या रेषेत सरळ राहते. मासा लागला की गरी जोडातून सुटते आणि नळी तंगुसावरून वर सरकते. माशाच्या तोंडात उरते फक्त आखूड गरी, तिला तरफ मिळत नाही, आणि बांधलेली माशी दातांपासून लांब वाचते. मी इथेही काटकसर करून पाहिली होती. विजेच्या तारेचं वरचं आवरण सोलून वापरलं. घरात झकास बसलं. फेब्रुवारीच्या पाण्यात ते कडक झालं आणि अर्ध्या तासात गरी लोंबायला लागली. तेव्हापासून फक्त सिलिकॉन. मॉडेल विमानांच्या इंजिनाला इंधन नेणारी सिलिकॉनची नळी मीटरवर मिळते. एका मीटरचे सेंटीमीटरचे शंभर तुकडे होतात. इतकं स्वस्त असताना दुसरं काही शोधायची गरजच नाही.

तिसरी जागा गरी. ती चांगल्या दुकानातून, नवी, धारदार घ्या. नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरली तर बोथट आहे. ट्यूब फ्लायची खरी बचत इथे आहे: गरी बोथट झाली की फक्त गरी बदलायची, माशी तीच राहते. किती टोकांची गरी चालते, टोकामागचा उलटा काटा दाबायचा की नाही, हे ज्या बीटवर (नदीच्या गरवायला ठरवून दिलेल्या पट्ट्यावर) जाल तिथल्या नियमात बघून घ्या. डीवर मासा परत सोडायचा असतो, त्यामुळे काटा पक्कडीने दाबलेलाच बरा.

व्हाइसचं, म्हणजे बांधताना माशी धरून ठेवणाऱ्या छोट्या शिकंज्याचं, म्हणाल तर ट्यूब फ्लायसाठी वेगळा जोड विकत घेण्याची गरज नाही. गोणी शिवायचं दाभण घ्या. साध्या व्हाइसमध्ये त्याचं जाड टोक आवळा आणि नळी बारीक टोकाकडून सरकवत न्या. दाभण उतरतं असल्यामुळे नळी एका जागी आपोआप घट्ट बसते. बांधताना फिरत असेल तर दाभणाला आधी मेणबत्तीचं मेण चोळा. इथे दाभण मिळणार नाही, पण लोकर शिवायची जाड सुई तेच काम करते. व्हाइसही नसेल तर टेबलाला लावायचा सुतारी क्लॅम्प आणि दोन लाकडी पट्ट्या. माझी पहिली दोन वर्षं त्याच्यावरच गेली.

धागा शिवणाचा घेऊ नका, तो जाड असतो आणि डोकं वाटाण्याएवढं होतं. मशीन भरतकामाच्या बॉबिनमधला बारीक पॉलिएस्टर धागा घ्या. एक रीळ वर्षभर जातं. डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, मध्ये दहा मिनिटं सुकवून. डोक्यावर लावायचं दुकानातलं महागडं सिमेंट (चिकट लाख) मी एकदाच घेतलं होतं, ते बाटलीतच वाळलं.

आता केस, ज्यावर लोक सर्वाधिक पैसे घालवतात. हरणाची रंगवलेली शेपटी दुकानातून घ्या, ती महाग नाही आणि एका शेपटीतून पन्नासेक माश्या होतात. पिवळी, केशरी आणि काळी अशा तीन घेतल्या की विली गनसारखी माशी बांधता येते, आणि इथल्या वसंतात मला दुसरी कुठली एकच निवडायला सांगितली तर मी तीच निवडेन. कोल्ह्याचे मऊ केस मात्र दुकानात फार महाग असतात. त्यासाठी चॅरिटी शॉप. जुन्या कोटाची केसाळ कॉलर कधी कधी एका माशीच्या किमतीत मिळते आणि आयुष्यभर पुरते. घरी आणल्यावर पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, कसर मरते. हे विसरलात तर बाकीचं सामानही जाईल. कापडाच्या दुकानात नकली फर पाव मीटर मिळते. लांब केसांची निवडा, मुळाशी कापा आणि जुन्या टूथब्रशने विंचरून आतली लव काढून टाका. लव राहिली तर माशी पाण्यात गोळा होते. रस्त्यावर मेलेली खार दिसली तर राखाडी असेल तरच हात लावा. लाल खार इथे कायद्याने संरक्षित आहे.

चमक. इथे आपल्याकडची एक वस्तू खरोखर कामाची आहे: जर. सुट्टीला गेलो की तुळशीबागेतून आणि लक्ष्मी रोडवरून चारपाच रिळं आणतो. पण नीट बघून घ्या. सुती धाग्यावर धातूची पट्टी गुंडाळलेली जर पाण्यात काही दिवसांत काळवंडते. आपल्याला हवी ती प्लास्टिकची, दुकानदार तिला तसंच म्हणतात. इंचभर तुकडा पेटवून बघा: वितळून गोळी झाली तर प्लास्टिकची, तार शिल्लक राहिली तर ठेवून द्या. नळीवर काळा धागा गुंडाळून त्यावर या सोनेरी जरीचे पाच वेढे तिरके घेतले की दुकानातल्या माशीत आणि तुमच्या माशीत फरक ओळखता येत नाही. गणपतीच्या सजावटीच्या झिरमिळ्या उभ्या चिरून केसांत दोन-दोन घाला. दोनच. जास्त घातल्या तर स्वच्छ पाण्यात मासा बिचकतो, असा माझा अनुभव आहे.

भारतातून आणायचं ते एवढंच: जर, झिरमिळ्या, मणी, रिफिली. पिसं आणि केस आणू नका. मोरपिसांच्या निर्यातीवर भारतात बंदी आहे, मग ते देवघरातलं का असेना. मुंगुसाच्या केसांचे ब्रश अजून कुठे कुठे दिसतात, तो व्यापार वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि रानकोंबडा. सॅमनच्या जुन्या माश्यांच्या गालाला जे मेणासारखं पिवळट-पांढरं ठिपक्याचं पीस असतं, ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. पूर्वी त्या पिसांसाठी हे पक्षी फार मारले गेले. निर्यात कधीचीच बंद झाली. इथे मिळतात ती पाळलेल्या पक्ष्यांची आणि बरीच महाग. आंबोलीच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकलेली असल्यामुळे मी ती विकतही घेत नाही. कोंबडीचं कुठलंही काळं छोटं पीस घ्या, टोकाला नेलपॉलिश लावून दोन बोटांनी चपटं करा, सुकल्यावर टाचणीच्या डोक्याने साय रंगाच्या नेलपॉलिशचा एक लांबट ठिपका द्या. हातभर अंतरावरून मलाही फरक कळत नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं. खाडीत तांबोशी आणि जिताड्यासाठी रिफिलच्या नळीवर पांढऱ्या नकली फरची दोन-अडीच इंची माशी मी स्वतः वापरली आहे. खाऱ्या पाण्यात धातूची जर लगेच मरते, गरी गंज न धरणारीच लागते आणि आल्यावर सगळं गोड्या पाण्यात धुवावं लागतं. बकऱ्याच्या शेपटीचे केस खाटकाकडे मागितले तर मिळतात. साबणाने धुऊन, कातडीच्या बाजूला मीठ लावून सावलीत सुकवा.

सुरुवात सनरे शॅडो या माशीपासून करा. रे ब्रूक्स यांनी ती नॉर्वेत बांधली, मूळ माशीला कोलोबस माकडाचे लांब काळे केस होते. आता बकऱ्याचे किंवा नकली केस वापरतात. तिला अंग नाही, वेढे नाहीत. चुकायला जागाच कमी. 25 मि.मी.ची प्लास्टिकची नळी दाभणावर चढवा. फुलवलेल्या काठाच्या मागे 5 मि.मी. धाग्याचा पाया घ्या. काडीएवढ्या जाडीचा पांढऱ्या केसांचा झुबका, नळीच्या दीडपट लांब, वरच्या बाजूला बांधा. त्यावर दोन झिरमिळ्या. त्यावर काळे केस, तेवढेच जाड, 75 मि.मी. लांब. टोकं कात्रीने सरळ कापू नका, नैसर्गिक निमुळती राहू द्या. प्रत्येक झुबका बांधण्याआधी मुळाला नेलपॉलिशचा थेंब लावा, नाहीतर दहाव्या फेकीला केस निघून येतात. पहिल्यांदा प्रत्येकाचा हात जड असतो आणि केस जास्त होतात. तुम्हाला योग्य वाटतील त्याच्या निम्मे घ्या.

बांधून झाल्यावर बाथटब भरा, माशी हातभर तंगुसाला लावा आणि चालण्याच्या वेगाने ओढा. केस नळीला चिकटून मागे एक बारीक काळी रेघ दिसली पाहिजे, आणि थांबवलं की ती किंचित श्वास घेतल्यासारखी फुलली पाहिजे. माशी गरगर फिरत असेल तर केस एका बाजूला सरकलेत; धागा कापा, नळी पुसा, केस पुन्हा वापरा.